डच फार्मसीतला औषधी गांजा: पाच ग्रॅमच्या डब्यामागची तपासणी

गेल्या दीड वर्षापासून आम्ही माझ्या पतींसाठी नेदरलँड्समधल्या फार्मसीतून ‘बेड्रोकान’ हा औषधी गांजा घेत आहोत. मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या आजारामुळे रात्री त्यांचे पाय लाकडासारखे ताठ होतात, आणि इतर औषधांनी पुरेसा उतार पडेना तेव्हा न्यूरॉलॉजिस्टने याची चिठ्ठी लिहून दिली. गुण किती येतो हे रुग्णागणिक बदलते, त्यामुळे त्याविषयी मी इथे मत देत नाही. मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकले आहे आणि अन्नपदार्थ तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. म्हणून पहिला डबा घरी आला तेव्हा माझ्या मनात पहिली शंका आली ती बुरशीची, आणि हा अभिप्रायही त्याच अंगाने लिहिला आहे.

गांजाचे फूल चिकट असते, त्याच्या पाकळ्या-पानांत बारीक खाचा असतात आणि ते वाळवताना थोडी जरी ओल राहिली तरी ॲस्परजिलससारखी बुरशी तिथे ठाण मांडते. निरोगी माणसाच्या फुप्फुसात तिचे बीजाणू, म्हणजे बुरशीच्या सूक्ष्म बिया, रोज जातात आणि शरीर त्यांचा बंदोबस्त करते. मात्र केमोथेरपी चालू असलेल्या, अवयवरोपण झालेल्या किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेणाऱ्या रुग्णाला हीच बुरशी जिवावर बेतू शकते. अस्थिमज्जेचे रोपण झालेल्या एका रुग्णाचा दूषित गांजा ओढल्यामुळे ॲस्परजिलसच्या संसर्गाने मृत्यू झाल्याची नोंद वैद्यकीय साहित्यात 1988 सालीच झालेली आहे. व्हेपोरायझरमध्ये, म्हणजे फुले न जाळता तापवून त्यांची वाफ ओढायच्या उपकरणात, फुले तापतात, म्हणजे जंतू मरतच असतील, असे पुष्कळांना वाटते. त्या थोड्या वेळच्या उष्णतेवर मी तरी विसंबणार नाही, कारण बीजाणू चिवट असतात आणि बुरशीने आधीच तयार करून ठेवलेले अफ्लाटॉक्सिनसारखे विष तापवल्याने सहजासहजी नष्ट होत नाही.

म्हणूनच या डब्यामागचा निकष मला मोलाचा वाटतो. नेदरलँड्समध्ये 2003 पासून औषधी गांजा फार्मसीत मिळतो आणि उत्पादकाकडून तो घेऊन पुढे पुरवण्याची जबाबदारी आरोग्य मंत्रालयाच्या अखत्यारीतील एका कार्यालयाकडे आहे. श्वासावाटे घ्यायच्या औषधांना युरोपीय औषधसंहितेने जी मर्यादा घातली आहे तीच या फुलांना लागू होते: एका ग्रॅममध्ये जिवाणू शंभरापर्यंत, बुरशी व यीस्ट दहापर्यंत, आणि स्टॅफिलोकॉकस ऑरियस व स्युडोमोनास एरुजिनोसा हे रोगकारक जिवाणू अजिबात नाहीत. तुलनेसाठी सांगते, आपल्या आयुर्वेदिक औषधसंहितेत तोंडाने घ्यायच्या वनस्पतिजन्य औषधांत ग्रॅमला एक लाख जिवाणू आणि एक हजार बुरशी-यीस्ट चालतात. त्यात काही गैर नाही, कारण पोटातले आम्ल बराच भार उचलते. फुप्फुसाला तशी सोय नाही.

एवढी कडक मर्यादा नुसत्या स्वच्छ लागवडीने गाठणे कठीण असते. त्यामुळे बंदिस्त, नियंत्रित खोल्यांत वाढवलेल्या या फुलांवर गॅमा किरणांची प्रक्रिया करतात. हे ऐकून पती प्रथम बिचकले. मी नाशिक जिल्ह्यातली आहे, आणि लासलगावच्या केंद्रात कांद्यावर व निर्यातीच्या आंब्यावर याच किरणांची प्रक्रिया होते, त्याने कांदा किरणोत्सर्गी होत नाही, हे सांगितल्यावर त्यांची भीती गेली. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या एका डच अभ्यासात या प्रक्रियेने टीएचसी आणि सीबीडी या गांजातल्या मुख्य औषधी घटकांचे प्रमाण बदलत नाही, टर्पीन नावाची काही सुगंधी द्रव्ये मात्र कमी होतात, असे आढळले. वास थोडा उतरला तरी चालेल, फुप्फुस सांभाळले जावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

किरणांनी मेलेल्या बुरशीचे विष मात्र तसेच राहते. म्हणून विषाची चाचणी वेगळी करावी लागते, आणि घाणेरडा माल किरणांनी ‘धुऊन’ घेतला की झाले, असे समजणाऱ्या उत्पादकापासून रुग्णांनी दूरच राहावे. आणखी एक खाचखळगा प्रयोगशाळेतल्या माणसालाच लवकर लक्षात येतो. गांजातली राळ स्वतःच जिवाणूंची वाढ रोखते. नमुना पुरेसा पातळ न करता पेट्री डिशवर, म्हणजे जंतू वाढवून मोजायच्या बशीवर, पसरला, तर पाच दिवसांनी डिश कोरी दिसते आणि माल शुद्ध असल्याचा खोटा निर्वाळा मिळतो. त्यासाठी आधी मुद्दाम मोजके जिवाणू नमुन्यात सोडून ते परत डिशवर उगवतात का, हे तपासावे लागते. उलट डीएनए शोधणारी पीसीआर चाचणी किरणांनी मेलेल्या जंतूंचा डीएनएही पकडू शकते आणि चांगला माल नापास होऊ शकतो. अहवालात ‘चाचणी केली’ एवढेच लिहून भागत नाही, ती कोणत्या पद्धतीने केली हेही लिहायला हवे.

माझी खरी नाराजी इथेच आहे. डब्यावर बॅच क्रमांक आणि मुदत छापलेली असते, चाचणीचे आकडे नसतात. आम्ही जातो त्या फार्मसीत मी बॅचचा अहवाल मागितला, तेव्हा तो रुग्णांना द्यायची पद्धत नसल्याचे उत्तर मिळाले. मूळ आरोग्यविमा याचा खर्च देत नाही, सगळे पैसे आम्ही खिशातून भरतो, आणि ज्या तपासणीसाठी भरतो ती पाहायला मिळू नये, हे मला पटत नाही. डबा कुठे ठेवावा हेही तिथे कोणी नीट सांगितले नाही. पहिला डबा आम्ही स्वयंपाकघरात, किटलीच्या वरच्या फळीवर ठेवला होता. तीन आठवड्यांनी झाकण उघडले तर कुरकुरीत असलेली फुले बोटाखाली मऊ लागली, दाबली की दबून राहू लागली. बुरशी दिसत नव्हती, पण फुलांतली ओल वाढली की उरलेसुरले किंवा नव्याने शिरलेले बीजाणू उगवायला वेळ लागत नाही, आणि दिसण्याइतकी बुरशी होईपर्यंत उशीर झालेला असतो. उरलेली दोन ग्रॅम फुले मी फार्मसीत नष्ट करायला परत दिली.

त्यानंतर डबा झोपायच्या खोलीतल्या कपाटात असतो, फुले कोरड्या हाताने काढतो आणि झाकण लगेच घट्ट लावतो. ज्यांची प्रतिकारशक्ती कमी आहे त्यांनी फार्मसीतलाच गांजा घ्यावा, कॉफीशॉपमधला, म्हणजे नेदरलँड्समध्ये नशेसाठी गांजा विकणाऱ्या दुकानातला, स्वस्त वाटला तरी घेऊ नये, असे मी आग्रहाने सांगेन. तिथले नमुने तपासले गेले तेव्हा त्यांत जिवाणू आणि बुरशी सापडली होती. उत्पादनाला माझ्याकडून पाचपैकी चार तारे. पाचवा तारा अहवाल हाती पडेल त्या दिवशी देईन.