वजन, नाकपुड्या की टाळू: चपट्या नाकाच्या कुत्र्यावर कोणता उपचार करावा?

पग, फ्रेंच बुलडॉग, इंग्लिश बुलडॉग किंवा शिह त्झू पाळलेल्या प्रत्येकाला कुणी ना कुणी सांगतं, "ही जात घोरतेच." त्यावर विसंबू नका. 2003 मध्ये हच या मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत पग झळकला, मग तो आपल्या शहरांत घरोघरी आला आणि त्याची घरघरही सगळ्यांना नेहमीची वाटू लागली. खरं कारण असं की पिढ्यान्‌पिढ्यांच्या पैदाशीत कवटी आखूड झाली, पण तोंडात मागे घशाकडे असलेला मऊ टाळू आणि जीभ त्या प्रमाणात लहान झाली नाही. हवा जायला वाटच उरत नाही. डॉक्टर या त्रासाला 'बोआस' म्हणतात.

उपचार निवडण्याआधी त्रास किती आहे ते मोजून घ्या. केंब्रिज विद्यापीठाची पद्धत सोपी आहे: डॉक्टर स्टेथोस्कोपने घसा ऐकतात, कुत्र्याला तीन मिनिटं दुडक्या चालीने पळवतात आणि पुन्हा ऐकतात. त्यावरून 0 ते 3 अशी श्रेणी ठरते. 0 आणि 1 मध्ये ऑपरेशनची घाई नसते, 2 आणि 3 म्हणजे त्रास आहे आणि उपचार हवेत. घरी झोपेकडे लक्ष द्या. हनुवटी सोफ्याच्या कडेवर टेकवून, मान ताणून झोपणारा किंवा तोंडात खेळणं धरून झोपणारा कुत्रा तोंड उघडं ठेवण्यासाठी धडपडत असतो. बसल्या बसल्या डुलक्या घेणाराही त्यातलाच. हिरड्या निळसर पडत असतील किंवा तो चक्कर येऊन पडला असेल, तर चाचणीसाठी पळवू नका, थेट दवाखान्यात न्या.

आता वजन. पगचं योग्य वजन साधारण 6 ते 8 किलो, आणि आपल्याकडे 11-12 किलोचे पग कौतुकाने मिरवले जातात. मान आणि घशाभोवतीची चरबी आधीच अरुंद असलेली वाट आणखी दाबते. बरगड्या हलक्या हाताने चाचपल्यावर लागल्या पाहिजेत. कोरडं खाणं वाटीने देऊ नका, किचनच्या काट्यावर तोलून द्या, आणि पोळीचा तुकडा, बिस्किट हेही हिशेबात धरा. या उपायाला खर्च जवळजवळ नाही, भूल लागत नाही आणि पुढे ऑपरेशन करावं लागलंच तर धोका कमी होतो. पण वजन उतरल्याने नाकपुडी रुंद होत नाही. म्हणून माझं मत असं: कुत्रा जाड असेल आणि श्रेणी 2 पर्यंत असेल, तर दोन-तीन महिन्यांची मुदत घालून वजन उतरवा, मग चाचणी पुन्हा करा. मुदत न घालता "बघू" म्हणत बसू नका. बांधा सडपातळ असूनही धाप लागत असेल, तर इथे वेळ घालवण्यात अर्थ नाही.

औषधांचं थोडक्यात: स्टेरॉइड सूज उतरवतं, ऐन वेळी जीव वाचवतं, पण रचना बदलत नाही. खाल्लेलं वर येत असेल तर आम्लपित्तावरची गोळी उपयोगी पडते, आणि बऱ्याचदा ती ऑपरेशनच्या आधीपासूनच सुरू करतात. माणसांचं कफ सिरप मात्र देऊ नका.

उरला खरा प्रश्न: फक्त नाकपुड्या उघडायच्या की टाळूही कापायचा? नाकपुडीचं काम लहान आहे. नाकपुडीच्या पाळीची, म्हणजे बाहेरच्या कडेची, पाचर कापून टाके घालतात. नळी किंचित रुंद झाली तरी हवेचा अडथळा पुष्कळ कमी होतो, त्यामुळे फायदा लगेच जाणवतो. नाकपुडीची नुसती चीर उरलेल्या आणि श्वास घेताना पाळी आत ओढल्या जाणाऱ्या तरुण कुत्र्यासाठी ही चांगली सुरुवात आहे. पण टाळू किती लांब आहे ते भूल दिल्यावरच नीट दिसतं. म्हणून आधीच बोलून ठेवा: "टाळू लांब निघाला, तर त्याच भुलेत करा." स्वस्त पडतं म्हणून फक्त नाकपुड्या करून घेणं आणि सहा महिन्यांनी पुन्हा भूल देणं, या जातींच्या बाबतीत मला पटत नाही.

टाळूचं ऑपरेशन मोठं आहे. जास्त कापला तर अन्न नाकात जातं, कमी कापला तर फायदा अपुरा. लेसरने रक्तस्राव कमी होतो, तरी डॉक्टरांच्या हाताला किती सराव आहे हे जास्त महत्त्वाचं. पहिल्या चोवीस तासांत घशाला सूज येते, उलटी फुफ्फुसात गेली तर न्यूमोनिया होऊ शकतो, क्वचित काही काळ गळ्याला छिद्र पाडून नळी घालावी लागते. त्यामुळे रात्रभर माणूस आणि ऑक्सिजन जागेवर नसेल, तिथे हे ऑपरेशन करू नका, मग दर कितीही कमी असो.

थांबण्यालाही किंमत आहे. वर्षानुवर्षं जोर लावून श्वास ओढला की स्वरयंत्राची कूर्चा आत वाकत जाते, आणि ती एकदा ढासळली की टाळू कापूनही पूर्ण आराम मिळत नाही. म्हणून निर्णय साधारण वर्षाच्या वयात व्हावा, सातव्या वर्षी नाही. बुलडॉगमध्ये श्वासनळीच अरुंद असू शकते आणि ती रुंद करता येत नाही. त्यांच्याकडून अपेक्षा जरा आवरती ठेवा. ऑपरेशन झालेला कुत्राही थोडा घोरणारच. तो खेळतो किती, झोपतो कसा, हे बघायचं.

तातडी नसेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी निवडा. कुत्रा धापा टाकूनच अंग थंड करतो, आणि विदर्भाचा मे असो की मुंबईची दमट हवा, सुजलेल्या घशाला दोन्ही झेपत नाहीत. श्रेणी 3 असेल तर ऋतू बघू नका. नंतर दोनेक आठवडे मऊ खाण्याचे लहान गोळे, पट्ट्याऐवजी हार्नेस, भुंकायला लावणारे पाहुणे लांब. सूज पूर्ण उतरल्यावर, साधारण दोन महिन्यांनी, तीच तीन मिनिटांची चाचणी पुन्हा करून घ्या आणि श्रेणी फाइलमध्ये लिहायला सांगा.