डिपॉझिट 1,500 रुपये, गेले 43,499

राउटर अजून माझ्याच घरात आहे. माळ्यावर, अॅडॅप्टरसकट, मूळ खोक्यात. तो परत करायला निघालो आणि 43,499 रुपये घालवून बसलो. डिपॉझिट होतं 1,500.

ब्रॉडबँड बंद करायचा अर्ज मी कंपनीच्या अॅपवरूनच केला होता. राउटर पंधरा दिवसांत जमा करा, नाहीतर डिपॉझिट मिळणार नाही, असा मेसेज आला. जमा कुठे करायचा, त्याचा पत्ता नाही. अॅपमधला चॅटबॉट 'तुमचा प्रश्न समजला नाही' यापलीकडे जाईना. बाराव्या दिवशी कंपनीचं नाव टाकून सर्च केलं आणि सगळ्यात वर दिसला तो नंबर फिरवला. हो, तोच मूर्खपणा. पण हातात तीन दिवस उरले असताना तुम्ही काय केलं असतं? (वरचा रिझल्ट बऱ्याचदा पैसे मोजून लावलेली जाहिरात असते. नंबर घ्यायचा तर बिलावरून घ्या.)

माणूस फार अदबीने बोलत होता. "सर, राउटरच्या खाली स्टिकर आहे, त्यावरचा सिरियल नंबर वाचा." चष्मा जवळ नव्हता, तसाच वाचला. "हो सर, जुळला. तुमच्याच नावावर आहे." मग चष्मा लावला तेव्हा कळलं, मी मॅक अॅड्रेसची ओळ वाचली होती, म्हणजे नेटवर्कसाठीचा दुसराच ओळख-क्रमांक. सिरियल नंबर तिच्या खाली, वेगळाच. आणि याच्याकडे तो जुळला! मी काय करावं? मीच त्याला सॉरी म्हणालो आणि खरा नंबर वाचून दाखवला. तोही जुळला. तिथेच फोन ठेवला असता तर एक रुपया गेला नसता. तीन आठवडे झाले, रात्री जाग आली की तेच "जुळला सर" ऐकू येतं.

पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. पिकअप बुक करायला फक्त 5 रुपये, व्हॉट्सअॅपवर एक एपीके फाइल, म्हणजे प्ले स्टोअरला वळसा घालून थेट फोनमध्ये टाकायचं अॅप. फोनने धोक्याची सूचना दाखवली. "नवीन अॅप आहे सर, अलाऊ करा." मेसेज वाचायची परवानगीही दिली. राउटर उचलायला येणाऱ्या माणसाला माझे मेसेज कशाला वाचायचेत, हा प्रश्न आता सुचतो. कार्डाचे तपशील भरले, 'पेमेंट फेल'. दुसऱ्या बँकेचं कार्ड भरलं, तेही फेल. ओटीपी मी कुणालाही सांगितलेला नाही. हे ठासून लिहितोय, कारण पोलिसांपासून मेव्हण्यापर्यंत प्रत्येकाने पहिलं तेच विचारलं. सांगायची गरजच पडली नाही, ते अॅपच माझे मेसेज परस्पर तिकडे पाठवत होतं. 5 रुपये मात्र शेवटपर्यंत कुणी कापले नाहीत.

पहिल्या खात्यातून 24,999 गेल्याचं बँकेच्या ईमेलवरून कळलं. लगेच 1930, म्हणजे सायबर फसवणुकीच्या तक्रारीची सरकारी हेल्पलाइन, लावला. सातव्या प्रयत्नात लागला, आणि मी रिंग ऐकत असतानाच दुसऱ्या खात्यातले 18,500 गेले. (आधी फोनचं इंटरनेट बंद करा, दुसऱ्या फोनवरून कार्डं ब्लॉक करा, मग तक्रार.) बँक म्हणाली, पोलिसांकडे जा. पोलीस चौकीतून सायबर सेलला पाठवलं. सायबर सेलने विचारलं, बँकेचं पत्र कुठाय? बँक म्हणाली, पत्र मुख्य शाखेतून येईल. रिझर्व्ह बँकेचं 6 जुलै 2017 चं परिपत्रक छापून नेलं. तीन कामाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकाला भुर्दंड नाही, असं त्यात आहे. मॅनेजरने त्याच परिपत्रकातल्या दुसऱ्या कलमावर पेन टेकवला. ग्राहकाचा निष्काळजीपणा. "आम्हाला कळवायच्या आधी गेलेत ना पैसे?" गेलेत, साहेब. दुसरे तर 1930 वर फोन उचलेपर्यंत गेलेत! माझे पैसे ज्या खात्यांत गेले, त्यातल्या एकात 6,200 रुपये गोठवलेत म्हणे. ते सोडवायला कोर्टात जा म्हणाले.

आणि कंपनी? "तो नंबर आमचा नाही." मुदत उलटली, डिपॉझिट जप्त. कुणी खरोखर राउटर न्यायला आलाच तर सिरियल नंबर लिहिलेली पोच हातात घेतल्याशिवाय देऊ नका, आणि आधी रिसेटचं बटण दाबून त्यातला वायफाय पासवर्ड पुसा.

आता हे खोकं नोंदणीकृत ई-कचरावाल्याकडे द्यावं म्हटलं, तर मुळात ते माझं आहे का? डिपॉझिट जप्त झालं म्हणजे राउटर माझा झाला का, हे कंपनीला विचारलंय. चॅटबॉटला प्रश्न समजलेला नाही.