जांभळं ब्रेक ऑइल आणि खोटं बिल

जुनी फियाट, अँबेसेडर किंवा जीप बाळगणाऱ्यांनी हे जरूर वाचा, कारण ब्रेक ऑइल बदलल्याची ही फसवणूक जिवावर बेतू शकते.

आमची पद्मिनी १९७८ची आहे. ती महिन्यातून एकदोनदाच बाहेर निघते. क्लासिक गाड्यांचं काम करणारा म्हणून पुण्यात नाव असलेल्या एका गॅरेजवाल्याने सुचवलं की नेहमीचं ब्रेक ऑइल काढून सिलिकॉनचं, म्हणजे डॉट ५ भरू (डॉट हा ब्रेक ऑइलच्या डबीवर लिहिलेला प्रकार). हे ऑइल हवेतला ओलावा शोषत नाही आणि सांडलं तरी रंग उडत नाही, त्यामुळे उभ्या राहणाऱ्या गाडीला बरं, असं त्याचं म्हणणं होतं. यातलं एकही वाक्य खोटं नाही, म्हणूनच संशय येत नाही.

बिलात पूर्ण सिस्टीम स्पिरिटने धुणं, मास्टर सिलिंडरचं (पेडल दाबल्यावर ऑइल पुढे ढकलणारा भाग) किट, म्हणजे नव्या रबर वॉशरचा संच, चारही चाकांच्या व्हील सिलिंडरची (चाकातला ब्रेक दाबणारा भाग) किट, नवे होज, म्हणजे रबरी नळ्या, आणि इम्पोर्टेड ऑइल असं सगळं होतं. रक्कम भरपूर होती. झाकण उघडून त्याने टाकीतलं जांभळं ऑइल दाखवलं आणि मी गाडी घेऊन आलो.

पुढे जेजुरीहून परतताना दिवे घाट उतरत होतो, तेव्हा पेडल मऊ पडत गेलं आणि एका वळणावर थेट तळाला टेकलं. मागे आई बसली होती. दुसऱ्या गिअरमध्ये टाकून, हँडब्रेक ओढून गाडी कडेला घेतली. त्या काही सेकंदांबद्दल त्या माणसाला मी माफ करणार नाही.

हडपसरच्या मेकॅनिकने टाकीच्या तळाशी सिरिंज घालून ऑइल ओढलं. वर जांभळं होतं, खाली चहासारखं तपकिरी. मागच्या चाकाच्या निपलला, म्हणजे ऑइल काढायच्या तोटीला, पारदर्शक नळी लावून पेडल दाबलं, तर नुसतं तपकिरीच येत राहिलं. चाकं उघडली तेव्हा रबर वॉशर जुनेच निघाले, काळे आणि फुगलेले, आणि सिलिंडरला आतून गंज. म्हणजे टाकीतलं वरवरचं ऑइल काढून जांभळं ओतलं होतं, बाकी कशाला हातसुद्धा लावला नव्हता.

डॉट ३, ४ आणि ५.१ ही तिन्ही नेहमीची ऑइलं ग्लायकोल या रसायनाची, एकमेकांत मिसळणारी. डॉट ५ तेवढं सिलिकॉनचं, ते यांच्यात मिसळतच नाही. ५ आणि ५.१ हे आकडे जवळचे दिसतात, पण ऑइलं पूर्ण वेगळी आहेत. डबीवर ‘सिलिकॉन’ लिहिलंय का ते वाचा. ग्लायकोल ओलावा ओढतं आणि त्याचा उत्कलनबिंदू उतरतो: मानकाप्रमाणे डॉट ४ कोरडं असताना किमान २३० अंश सेल्सिअस, ओलावा धरल्यावर १५५. घाटात ब्रेक तापले की असं जुनं ऑइल उकळतं, नळीत वाफ होते, आणि वाफ दाबली जाते म्हणून पेडल खाली जातं. माझं तेच झालं.

काम चालू असताना समोर उभे राहा. काढलेले वॉशर आणि होज हातात मागा, रिकामी डबीही मागा. चारही निपलमधून आलेलं ऑइल वेगवेगळ्या बाटल्यांत घ्यायला लावा. शंका आली तर थोडं ऑइल ग्लासभर पाण्यात टाका: ग्लायकोल विरघळतं, सिलिकॉन वर तरंगतं. नुसत्या रंगावर जाऊ नका.

मी आता सगळे रबर बदलून साधं डॉट ४ भरलंय आणि दर दोन वर्षांनी बदलणार आहे. गॅरेजवाला आधी म्हणाला, ‘हळूहळू मिसळेल.’ फोटो पाठवल्यावर अर्धे पैसे द्यायला तयार झाला, पण तक्रार करायची नाही या अटीवर. मी नकार दिला. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा ग्राहक आयोगात फी लागत नाही आणि मुदत दोन वर्षांची असते, म्हणून बिल, जुने वॉशर आणि हडपसरच्या मेकॅनिकने लिहून दिलेला कागद घेऊन पुढच्या आठवड्यात तिथेही जातोय.