व्हेट नर्स म्हणून इंग्लंडला निघाले होते, ४ लाख १० हजार गेले

पशुसंवर्धनाचा दोन वर्षांचा डिप्लोमा केला आणि पुण्यात कुत्र्यामांजरांच्या दवाखान्यात सहा वर्षं काढली. सलाइन लावणं, भुलीखालच्या जनावराचा श्वास मोजत बसणं, ऑपरेशननंतर रात्रभर पिंजऱ्यापाशी जागणं, सगळं केलं. तरी येणारी माणसं आम्हाला कंपाउंडरच म्हणतात. आपल्याकडे व्हेट नर्स म्हणून नोंदच होत नाही. त्यामुळे एजंट जेव्हा म्हणाला, "ताई, लंडनच्या कॉलेजात तुमचं नाव रजिस्टर होईल," तेव्हा पगाराच्या आकड्यापेक्षा मला तेच भावलं. माझी दुखरी नस त्याला तिथेच सापडली.

आधी 'रजिस्ट्रेशन फी' ८५ हजार. मग 'स्पॉन्सरशिप'चे अडीच लाख, त्यासाठी बाबांनी दोन दुभत्या म्हशी विकल्या. मग फाइल पुढे सरकवायला ७५ हजार. सगळे पैसे एका बाईच्या नावावरच्या बचत खात्यात. मी विचारलं होतं, खातं कंपनीचं का नाही? "अहो, तुमचाच जीएसटी वाचतो," म्हणाला. मी गप्प बसले.

मग नोकरीच्या व्हिसासाठी लागणारं 'सर्टिफिकेट ऑफ स्पॉन्सरशिप' जाड कागदावर आलं. सोनेरी शिक्का, निळ्या शाईची सही. आईने ते देवापुढे ठेवलं.

खरं म्हणजे हे सर्टिफिकेट कागदावर नसतंच. ती ब्रिटनच्या गृहखात्याच्या संगणकातली नोंद असते, आपल्याला फक्त तिचा नंबर मिळतो. ती देणाऱ्या मालकाकडे लायसन्स लागतं आणि अशा मालकांची यादी ब्रिटिश सरकारच्या वेबसाइटवर कुणालाही फुकट बघता येते. माझ्या सर्टिफिकेटवरचा दवाखाना त्या यादीत नव्हता. फोन लावला, तर तिथल्या बाई म्हणाल्या, आम्ही भारतातून कुणालाच बोलावलेलं नाही.

शिक्क्यावर नर्सेसचं एक वेगळंच कॉलेज होतं, तेही मला खटकलं नाही. ब्रिटनमध्ये व्हेट नर्सची नोंदणी रॉयल कॉलेज ऑफ व्हेटरनरी सर्जन्स ही संस्थाच करते. अर्ज आपला आपण करायचा. ते आपलं शिक्षण तपासतात, तिकडच्या तोडीचं नसेल तर परीक्षा द्यावी लागते, इंग्रजीही सिद्ध करावं लागतं. नोंदणी नसलेल्या मदतनिसाला तिथे डॉक्टरांच्या सांगण्यावरूनसुद्धा टाके घालता येत नाहीत. आणि आमचा एजंट म्हणत होता, "तुमचा डिप्लोमा चालतो, परीक्षा नाही." नोंदणी पैसे भरून कुणी आणून देतो म्हणाला, तर तिथूनच उठा. मी उठले नाही.

परदेशी नोकरी लावून देणाऱ्याकडे १९८३ च्या एमिग्रेशन कायद्याखालची नोंदणी हवी, ती भारत सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर बघता येते. त्याला जास्तीत जास्त ३० हजार रुपये अधिक जीएसटी एवढंच सेवाशुल्क घेता येतं. माझी पहिली पावतीच ८५ हजारांची!

ऑफिसला कुलूप लागल्यावर मी पोलिसांत गेले. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन केला तोवर तीन महिने उलटले होते आणि खातं रिकामं झालं होतं. हा फोन पैसे गेल्या गेल्या करायचा असतो.

आमच्याच दवाखान्यातल्या एका मुलाने दुसऱ्या कुणाकडे २० हजार भरल्याचं परवा कळलं. जेवणाच्या सुट्टीत त्याला शेजारी बसवून मोबाइलवर ई-मायग्रेट उघडलं. एजंटाचं नाव दोनदा शोधलं, नाही सापडलं. सोमवारी त्याचा ६० हजारांचा हप्ता होता. तो त्याने भरला नाही.