थायरॉईडची साधी गाठ: कापायची की आतूनच आटवायची?

गाठ कर्करोगाची नाही, पण गिळताना अडकते, आरशात दिसते. अशा वेळी रेडिओफ्रिक्वेन्सी अब्लेशनचा पर्याय आवर्जून विचारा. गळ्यापुरती भूल देतात, सोनोग्राफीत पाहत बारीक सुई गाठीत घालतात आणि उष्णतेने आतल्या पेशी जाळतात. टाके नाहीत, बहुतेकदा त्याच दिवशी घरी. मात्र गाठ लगेच नाहीशी होत नाही. ६ ते १२ महिन्यांत साधारण निम्मी किंवा त्याहून लहान होते. काहींची पुन्हा वाढते.

शस्त्रक्रियेत गाठ मुळासकट जाते आणि पूर्ण तपासता येते. कर्करोगाची शंका असेल तिथे हाच मार्ग, यात मला दुमत दिसत नाही. पण पूर्ण भूल, गळ्यावर व्रण, आणि अर्धी ग्रंथी काढली तरी बऱ्याच जणांना पुढे थायरॉक्सिनची, म्हणजे थायरॉईडच्या संप्रेरकाची, गोळी लागते. पूर्ण काढली तर कायमचीच. अब्लेशननंतर ग्रंथीचं काम सहसा शाबूत राहतं, आणि मला हीच त्याची सर्वांत मोठी जमेची बाजू वाटते.

आवाजाच्या नसेला धोका दोन्हीकडे आहे, म्हणून डॉक्टरांचा अनुभव विचारायला संकोचू नका. अब्लेशनआधी सुईतपासणी (गाठीतल्या पेशी सुईने काढून केलेली तपासणी) साधारणपणे दोनदा निर्धोक यावी लागते. गाठीत नुसतं पाणी असेल, तर अल्कोहोलचं इंजेक्शनही पुरतं.