बुद्धी मोजणारं अ‍ॅप: कोडी भारी, रिपोर्ट भंगार (२ स्टार)

कोडी मस्त आहेत, विशेषतः ते थ्रीडी आकार मनातल्या मनात फिरवून ओळखायचे असतात ना, खरंच डोकं लागतं. पण सुरुवातीलाच मुलगा की मुलगी विचारतं आणि शेवटी रिपोर्टमध्ये "मुलांचा मेंदू गणिताचा, मुलींचा भाषेचा" असलं काहीतरी चिकटवून देतं, हे कशाला? आता फरक अजिबातच नाहीत असं नाही, आकार फिरवण्यात मुलं सरासरी पुढे असतात, आणि पिसा २०२२ मध्ये (१५ वर्षांच्या मुलामुलींची आंतरराष्ट्रीय चाचणी) ओईसीडी, म्हणजे बहुतेक श्रीमंत देशांच्या गटाची सरासरी बघितली तर वाचनात मुली २४ गुणांनी पुढे, गणितात मुलं ९ नी. पण ही सरासरी झाली हो, त्यावरून एका पोरीला काय जमेल ते कसं सांगणार? शाळेतल्या मार्कांत तर मुली गणितातसुद्धा सरासरी थोड्या पुढेच असतात, त्याचा रिपोर्टमध्ये पत्ताच नाही (सोयीचं तेवढंच घेतलंय बहुतेक). मानसशास्त्रज्ञ जेनेट हाइड यांनी २००५ मध्ये ४६ मेटा-अ‍ॅनालिसिस (अनेक अभ्यासांचे निकाल एकत्र करून केलेलं विश्लेषण) चाळले, त्यात स्त्री-पुरुषांमधले ७८ टक्के फरक छोटे किंवा जवळपास शून्य निघाले. फ्रीमधली कोडी बिनधास्त सोडवा, रिपोर्टसाठी पैसे मात्र भरू नका.