जुन्या दीडशे सीसी गाडीचे स्विच आणि दिवे: उन्हाळ्यापासून ऊस हंगामापर्यंतचा अनुभव

गाडी 2009 सालची आहे. दीडशे सीसी, कार्ब्युरेटरवाली, सेल्फ आणि किक दोन्ही. परभणीतच वापरलेली घेतली आणि तेव्हापासून परभणी-गंगाखेड रोजचं जाणं-येणं तिच्यावरच चालू आहे. ॲव्हरेज, पिकअप, सस्पेन्शन यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. मला लिहायचंय ते मीटरमधल्या दिव्यांबद्दल आणि क्लचजवळ, स्टँडजवळ, ब्रेक पेडलमागे दडलेल्या छोट्या स्विचांबद्दल. जुन्या गाडीत सगळ्यात जास्त कापाकापी झालेली असते ती याच वायरिंगमध्ये, आणि गाडी घेणारा सगळ्यात कमी बघतो तेही हेच.

दिव्यांचा रंग उगाच ठरलेला नाही. लाल म्हणजे धोका, पिवळा म्हणजे लक्ष द्या, हिरवा म्हणजे माहिती, निळा फक्त अप्परचा, म्हणजे हेडलाइटच्या लांब झोताचा. माझ्या मीटरवर न्यूट्रलचा हिरवा, अप्परचा निळा, साइड स्टँडचा आणि बॅटरीचा लाल, शिवाय पेट्रोलचा असे दिवे आहेत. गाडी आली तेव्हा न्यूट्रलचा आणि स्टँडचा पेटत नव्हता. "बल्ब गेला असंल," असं विकणाऱ्यानं सांगितलं होतं. दोन्ही बल्ब शाबूत निघाले.

न्यूट्रलच्या दिव्याचं गणित सोपं आहे. चावी फिरवली की बल्बच्या एका टोकाला बॅटरीचा करंट येतो. दुसरं टोक वायरनं इंजिनवरच्या न्यूट्रल स्विचला जातं. गिअर न्यूट्रलला आला की हा स्विच ती वायर इंजिनच्या बॉडीला, म्हणजे अर्थला, टेकवतो आणि दिवा लागतो. त्यामुळे दिवा लागत नसेल तर स्विचवरची वायर काढून इंजिनच्या उघड्या धातूला लावून बघायची. दिवा लागला तर बल्ब आणि वायर चांगली, दोष स्विचचा. नाही लागला तर वर, म्हणजे वायर आणि बल्बकडे बघायचं. माझ्या गाडीत वायर पुढच्या चेन स्प्रॉकेटच्या कव्हरजवळ तुटलेली होती. तिथे चेनचं तेल आणि माती साचून वायर कडक होते आणि मोडते.

यापेक्षा वाईट प्रकार उलटा असतो. वायरचं वरचं प्लास्टिक घासून तांबं चेसिसला टेकलं, तर गाडी गिअरमध्ये असतानाही हिरवा दिवा लागतो. दिवा काही गिअर बघत नाही, तो फक्त वायर अर्थला टेकली की नाही एवढंच सांगतो. ज्या गाड्यांत सेल्फचं सर्किट याच वायरवर अवलंबून असतं, तिथे सेल्फही फसतो. म्हणून दिवा दिसला तरी क्लच दाबूनच बटण दाबायची सवय मी ठेवली आहे.

आता क्लच स्विच. माझ्या गाडीत न्यूट्रलमध्ये सेल्फ सरळ लागतो, गिअरमध्ये असेल तर क्लच दाबावा लागतो. क्लच लिव्हरच्या बुडाशी एक छोटी पिन असलेला स्विच आहे, तो हे काम करतो. भर मे महिन्यात रेल्वे फाटकावर गाडी दुसऱ्या गिअरमध्ये बंद पडली आणि क्लच दाबूनही सेल्फ गप्प. न्यूट्रल करून लागली, पण मागच्या हॉर्नच्या गर्दीत न्यूट्रल सापडायला वेळ लागतो. मिस्त्रीमामांनी लिव्हर खोलून दाखवलं. पिन धुळीनं आत अडकली होती आणि आतला संपर्क जळून काळा झाला होता.

"नवा स्विच कशाला घालता सर, दोन वायरी जोडतो, डायरेक्ट होतंय."

हे वाक्य मराठवाड्यातल्या कुठल्याही गॅरेजात ऐकायला मिळेल, आणि या सगळ्या लेखाचं कारण हेच वाक्य आहे. दोन वायरी जोडल्या की गाडीच्या दृष्टीनं क्लच कायम दाबलेला राहतो. मग गिअरमध्ये, क्लच सोडलेला असताना कुणी बटण दाबलं की गाडी पुढे झेप घेते. अंगणात लावलेल्या गाडीवर लेकरं चढून बटणं दाबतात, चावी राहिलेली असते, पुढे भिंत किंवा माणूस असतो. मी मामांना नाही म्हटलं. त्यांनीही मग मनापासून काम केलं, बाजारातून स्विच आणवला आणि बसवून दिला. खर्च एका पेट्रोल भरण्याहूनही कमी आला. तेव्हापासून महिन्याला एकदा लिव्हरच्या बुडाशी कॉन्टॅक्ट क्लीनर मारतो. ऑइल किंवा ग्रीस त्या पिनेवर लावू नका, धूळ चिकटून तीच अडकते.

ज्यांच्याकडे जपानी बनावटीची जुनी गाडी आहे त्यांच्यासाठी एक खूण. क्लच दाबल्याबरोबर, गिअरमध्ये असतानाही, न्यूट्रलचा दिवा लागत असेल तर आधी वायरिंगमधला डायोड, म्हणजे करंट एकाच दिशेनं जाऊ देणारा छोटा भाग, तपासून घ्या. न्यूट्रल आणि क्लचची सर्किटं वेगळी ठेवायचं काम तो करतो.

पावसाळ्यात प्रश्न आला तो साइड स्टँडचा. आपली काळी माती चाकाला आणि स्टँडला अशी चिकटते की वाळल्यावर खरवडून काढावी लागते. स्टँडच्या पिव्होटजवळचा स्विच तिनं भरून गेला आणि दुरुस्त केलेला दिवा पुन्हा बंद पडला. माझ्या गाडीत स्टँड खाली असला तर फक्त दिवा लागतो, इंजिन बंद पडत नाही. हा फरक प्रत्येकानं आपल्या गाडीचा माहीत करून घ्यावा. 2020 पासूनच्या बीएस-6 (प्रदूषणाच्या नव्या नियमांच्या) गाड्यांत स्टँड खाली असताना गिअर टाकला की इंजिन बंद होणं सर्रास झालंय. दिवसभर नवी गाडी चालवून संध्याकाळी जुनी हातात घेतली की आपण नकळत त्या सोयीवर विसंबतो. स्टँड खाली राहिला आणि डावीकडे वळण आलं की तो रस्त्याला घासून गाडी उचलतो. स्टँडमुळे इंजिन बंद होणाऱ्या गाड्यांत चिखलानं वेगळंच होतं: न्यूट्रलमध्ये इंजिन छान चालतं, पहिला गिअर टाकला की मरतं. लोक कार्ब्युरेटर खोलत बसतात. आधी स्टँडचा स्विच पाण्यानं धुऊन बघा.

दिवाळीनंतर ऊस सुरू झाला आणि ब्रेक लाईटचं महत्त्व कळलं. रात्री दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर, एकदम पुढ्यात येतो आणि आपण ब्रेक दाबतो. त्या क्षणी आपल्या मागच्याला आपला लाल दिवा दिसलाच पाहिजे. माझा पायाच्या ब्रेकचा दिवा पेडल अर्धं दाबल्यावर लागत होता. पेडलमागे स्प्रिंगवाला स्विच असतो. त्याची बॉडी हातानं धरून फक्त नट फिरवायचा, बॉडी फिरवली तर वायरी पिळवटतात. पेडल जरा दबलं की दिवा लागेल इतकं सेट केलं. फार ताणलं तर दिवा कायम पेटून राहतो. 21 वॉटचा तो भार बॅटरी खातो आणि मागच्याला आपण ब्रेक मारला हे कळतही नाही. पुढच्या ब्रेकचा स्विच वेगळा आहे, तोही वेगळा तपासा.

उजव्या हाताचं लाल किल बटण, म्हणजे इंजिन बंद करायचं बटण, माझ्या गाडीत फार मोलाचं आहे. नव्या इंजेक्शनच्या बऱ्याच गाड्यांत गाडी आडवी पडल्यावर इंजिन बंद करणारा सेन्सर असतो. माझ्यात तो नाही. पडल्यावर मागचं चाक फिरत राहील आणि कार्ब्युरेटरमधून पेट्रोल सांडेल, तेव्हा हे बटणच हाताशी आहे. म्हणून आठवड्यातून एकदा गाडी त्याच बटणानं बंद करतो, चालतंय का ते कळतं.

बॅटरीचा लाल दिवा उन्हाळ्यात लुकलुकायचा. बेचाळीस-त्रेचाळीस डिग्रीत बॅटरीचं पाणी लवकर आटतं. डिस्टिल्ड वॉटर घातलं आणि मल्टीमीटर लावला: इंजिन बंद असताना 12.5 व्होल्ट, रेस दिल्यावर 14 च्या आसपास. म्हणजे चार्जिंग ठीक.

ऑइलचा दिवा माझ्या गाडीत नाहीच, त्यामुळे ऑइल दांडी काढूनच बघतो. ज्यांच्यात ऑइल प्रेशरचा दिवा आहे त्यांनी चावी फिरवल्यावर तो लागतो का आणि इंजिन सुरू झाल्यावर विझतो का हे रोज बघावं. चालत्या गाडीत लागला तर लगेच इंजिन बंद करा, घर जवळ असलं तरी.

पेट्रोलच्या दिव्याचं काम अजून बाकी आहे. तो कधी लागतो, कधी नाही. पेट्रोलची पातळी दाखवणारा आतला फ्लोट बघायला टाकी उतरवावी लागते, ती जवळपास रिकामी झाली की उतरवणार. तोवर कॉक रिझर्व्हला फिरवून पंपापर्यंत जाता येतं.